स्पीकरआधी खुर्च्या मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शेजारच्या गृहनिर्माण संस्थेचे सचिव माझ्याकडे आले होते. त्यांच्या इमारतीतील ज्येष्ठ नागरिकांसाठी आठवड्यातून तीन दिवस सकाळी व्यायामाचा वर्ग सुरू करायचा आहे, त्यासाठी एखादा ‘मुलगा’ सुचवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी मला दोनच प्रश्न विचारले. तो महिन्याला किती घेईल आणि स्पीकर तो स्वतः आणेल का. मी चौतीस वर्षे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले आणि निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षे मुलुंड पूर्वेला साठीच्या पुढच्या मंडळींचा वर्ग घेते. असे विचारायला आलेले हे पाचवे की सहावे गृहस्थ असतील, पण प्रश्न साधारण हेच असतात. म्हाताऱ्या माणसांना थोडे हातपाय हलवायला लावायचे, त्यात शिकण्यासारखे काय आहे, ही समजूत त्यामागे असते. एके काळी माझीही तीच समजूत होती आणि तिची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सुरुवातीचे वर्षभर मी हा वर्ग शाळेतल्या कवायतीसारखाच घेत असे. रांगा, शिट्टी, एक-दोन-तीन-चार. शेवटी सर्वांना शवासनात झोपवायचे आणि घड्याळाचा काटा पुढे सरकला की ‘चला, उठा’ म्हणायचे, कारण नऊ वाजता त्याच सभागृहात बालवाडी भरत असे. एका सकाळी एक काकू माझ्या त्या ‘चला, उठा’सरशी सतरंजीवरून सरळ उभ्या राहिल्या, दोन पावले चालल्या, खिडकीचा गज धरायला हात पुढे केला, पण तो गजापर्यंत पोहोचलाच नाही. त्या तळहातावर पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. नंतर कळले की चारच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची गोळी बदलली होती. ही गोष्ट त्यांनी लिफ्टपाशी तिघीचौघींना सांगितली होती. वर्गात मला सोडून बऱ्याच जणींना ती ठाऊक होती, कारण मी कधी विचारलेच नव्हते.

आडवे असताना पसरलेले रक्त आपण उभे राहताच पायांकडे उतरते आणि ते वर ढकलण्यासाठी रक्तवाहिन्यांना लगेच आवळावे लागते. वय वाढले की हे आवळणे मंदावते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक उतरला, तर डॉक्टर तो दोष मानतात. हे मला निवृत्तीनंतर एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे बसून शिकावे लागले. आता आमच्याकडे उठणे हाच एक वेगळा व्यायाम असतो. आधी कुशीवर वळायचे, मग हाताच्या आधाराने बसायचे, घोटे वीस वेळा वरखाली करायचे, मग खुर्चीचा आधार घेऊन उभे राहायचे आणि दहापर्यंत मोजून झाल्यावरच पहिले पाऊल टाकायचे. त्याला चार मिनिटे लागतात. बालवाडीच्या बाईंशी बोलून मी वर्ग पाच मिनिटे अलीकडे ओढला. इतका साधा उपाय होता.

त्या प्रसंगानंतर हजेरीपटात मी एक रकाना वाढवला : ‘गेल्या आठवड्यात काही नवे?’ नवी गोळी, पडणे, चक्कर, दवाखाना, डोळ्याचे ऑपरेशन, नीट न झालेली झोप, जे असेल ते. या रकान्यानेच मला बहुतेक सारे शिकवले. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणारे एक काका उपाशीपोटी वर्गाला येत, कारण व्यायाम रिकाम्या पोटी करावा असे त्यांच्या वडिलांनी सांगितले होते. आता रक्तातील साखर एकदम उतरू नये म्हणून ते काहीतरी खाऊन येतात आणि माझ्या पिशवीत साखरेच्या पुड्या असतात. ज्यांच्या तळपायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना मी अनवाणी उभे करत नाही, कारण टाचणी टोचली तरी त्यांना कळत नाही आणि जखम मात्र महिनोन्‌महिने भरत नाही. हृदयासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रम झाले तरी फारशी वाढत नाही. अशांच्या मनगटावरील घड्याळात ठोके पाहून ‘अजून जोर लावा’ म्हणणारा शिक्षक त्यांना कुठे नेऊन ठेवील याचा नेम नाही. त्यापेक्षा जुनी कसोटी बरी. व्यायाम करताना माणसाला बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलणेही तुटू लागले तर श्रम जास्त झाले.

ही कसोटी वापरायची तर त्यांचे बोलणे ऐकू आले पाहिजे, आणि इथे सचिवांच्या स्पीकरचा प्रश्न येतो. वयाबरोबर कान आधी बारीक, उंच आवाज गमावतात. शब्दांतली स, श, फ, थ अशी व्यंजने गोंगाटात विरून जातात. सभागृहात पंखे चालू, भिंतींवरून घुमणारा ढोलकीचा ठेका आणि त्यावर पाठमोरा उभा राहून ‘थांबा’ म्हणणारा शिक्षक, अशा वेळी मागच्या रांगेला केवळ हात हललेला दिसतो. मी एका उद्यानात असा वर्ग पाहिला आहे. साठेक माणसे, एक तरुण शिक्षक, मोठा स्पीकर. तिसऱ्या रांगेतील एक बाई छातीशी हात धरून कठड्यावर बसल्या आणि गाणे संपेपर्यंत ते त्याच्या लक्षातही आले नाही. सुदैवाने त्यांना केवळ धाप लागली होती. त्या मुलाला मी दोष देत नाही, साठ माणसे त्याच्या अंगावर टाकणाऱ्यांना देते. मी एका वेळी अठराच्या वर माणसे घेत नाही आणि एक मदतनीस मागे उभी असते. संगीत लावते तेव्हा आवाज इतकाच ठेवते, की शेजारच्याचा श्वास ऐकू यावा.

आता व्यायामाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीच्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. तेवढे चालणे मुंबईतील अनेक ज्येष्ठ करतात आणि त्याचा त्यांना अभिमानही असतो. मात्र त्याच सूचनांत स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोल व ताकद यांवर भर देणारा व्यायाम किमान तीन दिवस करावा असेही म्हटले आहे, आणि नेमका तोच भाग आपल्या वर्गांतून गायब असतो. मान फिरवणे, हात वर करणे, टाळ्या, थोडा प्राणायाम, ओंकार आणि चहा, असा आपला साधारण कार्यक्रम. तो वाईट नाही, पण त्याने मांड्यांना बळ येत नाही, आणि माणूस परावलंबी होतो तो आधी मांड्यांमुळे. कमोडवरून उठता येत नाही, बेस्टच्या बसची पायरी चढवत नाही, लोकलचा फूटबोर्ड आणि फलाट यांतले अंतर बघूनच पाय मागे येतो आणि मग ‘ठाण्याला जाणे होत नाही हल्ली’ असे म्हणत माणूस घरात बसतो.

म्हणून माझ्या वर्गाचे मुख्य साधन योगा मॅट नसून खुर्ची आहे. हात छातीशी घडी घालून खुर्चीवरून उठायचे आणि बसायचे, बसताना धपकन न पडता हळू बसायचे. अर्ध्या मिनिटात हे किती वेळा जमते, ही पायांची ताकद मोजण्याची जगभर वापरली जाणारी साधी चाचणी आहे. आमच्याकडचे एक बँकेतून निवृत्त झालेले काका पहिल्या दिवशी पाचवर थांबले आणि सहाव्या वेळी नकळत गुडघ्यांवर हात टेकवला. चार महिन्यांनी त्यांचे दहा झाले. मी आकडा वहीत लिहिते, फळ्यावर नाही, कारण इथे पहिला नंबर काढायचा नसतो. वजनांसाठी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या पुरतात. जोर लावताना श्वास रोखू देऊ नये एवढे मात्र सतत सांगावे लागते, कारण श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो. मी त्यांना उठताना मोठ्याने आकडे मोजायला लावते. मोजणारा माणूस श्वास रोखू शकत नाही.

तोलाचा व्यायामही याच खुर्चीच्या पाठीमागे उभे राहून होतो. आधी दोन्ही हात पाठीवर, मग एक हात, मग एक बोट, मग हात नुसता वर तरंगता. पाय जवळ, मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लागून. दहा सेकंद स्थिर राहता आले की मान डावीउजवीकडे वळवायची. तेही जमले की मी शंभरातून तीन तीन वजा करायला सांगते, किंवा काल रात्री काय जेवलात ते विचारते. हसू नका, रस्त्यावर माणूस एकटा लक्ष देऊन कधी चालतो? उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर पाय पडतो त्याच क्षणी मागून रिक्षा भोंगा वाजवते आणि खिशातला मोबाइलही. लक्ष दोन ठिकाणी असताना पाऊल सावरणे, ही मुंबईत राहणाऱ्याची गरज आहे आणि ती शिकवता येते.

काय करून घ्यायचे नाही, याचे ज्ञान मला सर्वांत उशिरा आले. गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरून दाखवणे, ही आम्हा कवायतीच्या शिक्षकांची जुनी खोड आहे. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे ठिसूळ होतात आणि ठिसूळ मणका पुढे गोल वाकवला, त्यातही वजन उचलत किंवा झटके देत, तर तो पुढच्या बाजूने चेपतो. पुष्कळदा पडझडही झालेली नसते, नुसती ‘पाठ धरली’ म्हणून बाई आठवडाभर येत नाहीत. पश्चिमोत्तानासन किंवा हलासन ही आसने ज्यांनी तरुणपणापासून केली आहेत त्यांची गोष्ट निराळी. सत्तराव्या वर्षी ती समूहात नव्याने शिकवणे मला धोक्याचे वाटते. त्याऐवजी पाठ सरळ ठेवून कमरेतून झुकायला शिकवावे, बादली उचलायला तेच लागते. काचबिंदू असलेल्याला शीर्षासन आणि उच्च रक्तदाब किंवा हर्निया असलेल्याला जोरकस कपालभाती सांगू नये, हेही तसेच. १९१८ मध्ये सुरू झालेली आणि शंभरी ओलांडलेली सांताक्रूझची द योगा इन्स्टिट्यूट ज्या शहरात आहे, तिथे योगाविरुद्ध लिहिण्याचा माझा उद्देश नाही. माणूस पाहून आसन द्यावे, एवढीच अपेक्षा आहे. एकाच हालचालीच्या तीन पायऱ्या मी करून दाखवते : बसून, धरून आणि मोकळे. खालची पायरी निवडणाऱ्याला कधीही ‘कमजोर’ म्हणत नाही, कारण एकदा म्हटले की तो दुसऱ्या दिवशी वरची पायरी करायला जातो आणि पडतो.

लोक वर्ग का सोडतात, याविषयी ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकीत ‘उत्साह नाही’ असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. हास्यक्लबांची चळवळ मुंबईतच, १९९५ च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवाला परिसरातील एका बागेत पाच माणसांसह सुरू केली आणि घरात कोंडलेल्या असंख्य ज्येष्ठांना तिने सकाळी बाहेर काढले, हे तिचे ऋण मोठे आहे. तरीही जोरात हसण्याच्या किंवा उड्या मारण्याच्या वर्गांतून काही बायका दोन आठवड्यांत नाहीशा होतात. त्याचे कारण त्या कुणाला सांगत नाहीत. हसताना, खोकताना, उडी मारताना लघवी सुटते, हे त्यामागचे कारण असते, आणि पुरुष शिक्षकासमोर ते बोलणे शक्यच नसते. मी पहिल्याच आठवड्यात बायकांना वेगळे बसवून हे स्वतःहून बोलते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम शिकवते आणि स्वच्छतागृह सभागृहाच्या मजल्यावरच आहे ना हे पाहते. वर्ग टिकण्यास याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कोणत्याही गाण्याचा झाला नाही.

सत्तरीच्या माणसांना ‘चला बच्चे कंपनी’ म्हणून हाक मारणाऱ्यांविषयी काय लिहावे! ज्यांनी गिरणी चालवली, गाड्या हाकल्या, चार मुले वाढवली, त्यांना टाळ्या वाजवायला लावून ‘व्हेरी गुड’ म्हटले की ती हसतात, पण पुन्हा येत नाहीत. आमच्याकडे एक काकू येत आणि त्यांचे यजमान त्यांची पर्स धरून दाराशी उभे राहत. आत या म्हटले की ‘मी ठीक आहे’ म्हणत. एकदा मी शाळेतून मागून आणलेल्या लेझमा काढल्या आणि शिकवू लागले. तिसऱ्या ठेक्याला दारातून आवाज आला, ‘बाई, हात असा नाही, खालून यायला हवा.’ लालबागच्या मिरवणुकीत त्यांनी वीस वर्षे लेझीम खेळली होती. त्या दिवसापासून लेझीम तेच शिकवतात, गुडघ्यांना जपून, न वाकता, आणि वर्षभरात ते फक्त दोनदा गैरहजर राहिले, दोन्ही वेळा आधी कळवून. श्रावणात बायका मंगळागौरीतले बेताचे खेळ निवडतात. फुगडीला मी मनाई केली आहे आणि त्यावरून माझ्यावर अजून रोष आहे.

अडचणीच्या वेळेची तयारी थोडक्यात सांगते. छातीत, जबड्यात किंवा हातात दुखणे, थंड घाम, अचानक धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर वर्ग थांबतो आणि १०८ ला फोन जातो. मधुमेही माणसाला हृदयविकारात छातीत दुखेलच असे नाही, हे शिक्षकाला माहीत असायला हवे. सभागृहाचा पूर्ण पत्ता, कोणत्या फाटकातून आत यायचे आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते की नाही, हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले आहे. घाबरलेल्या माणसाला रोजच्या इमारतीचा पत्ता आठवत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये शिव योग केंद्रे सुरू केली, अनेक उद्यानांत व्यायामाची लोखंडी साधने बसवली. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण २१ जूनला मैदानात आणि १ ऑक्टोबरच्या ज्येष्ठ नागरिक दिनी व्यासपीठावर ज्येष्ठांना जमवण्यात जी हौस दिसते, तिच्यातली थोडी वर्षभराच्या वर्गांसाठी राखावी. महापालिकेच्याच केईएम, नायर आणि शीव रुग्णालयांत भौतिकोपचाराचे (फिजिओथेरपीचे) शिक्षण दिले जाते. तेथील विद्यार्थी आपल्या शिक्षकांसह दर सहा महिन्यांनी ज्येष्ठ नागरिक संघांत येऊन प्रत्येकाचे उठणे-बसणे, तोल आणि उभे राहतानाचा रक्तदाब तपासतील, तर त्यांचेही शिक्षण होईल आणि माझ्यासारख्या शिक्षकांना कोणाला काय द्यायचे ते कळेल. ज्येष्ठांचे वर्ग घेणाऱ्यांना प्रथमोपचार आणि छातीदाबाचे (सीपीआर) प्रशिक्षण सक्तीचे करण्यासाठी कोणत्याही नव्या इमारतीची गरज नाही. उद्यानातील त्या लोखंडी साधनांपाशी निदान एक मजबूत कठडा आणि मराठीत चार ओळींची सूचना लावावी. झुलत्या पावठ्यांवर चढताना ज्येष्ठ माणसे एकमेकांचा खांदा धरतात, हे दृश्य मला रोज दिसते.

सचिवांना मी ‘मुलगा’ सुचवला नाही. त्यांच्याबरोबर त्यांचे सभागृह पाहायला गेले आणि रचून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकेक करून भिंतीला टेकवून, बसून, उठून पाहिल्या. बावीसपैकी सात खुर्च्यांचे पाय तडकलेले होते आणि एकीचा पाय गुळगुळीत लादीवर सचिव स्वतः बसताच सरकला. ते सावरले, थोडे ओशाळले आणि म्हणाले, ‘बाई, स्पीकरचे नंतर बघू.’ लाकडी, हाताच्या आणि पायांना रबर लावलेल्या अठरा खुर्च्यांचे दर त्यांनी मागवले आहेत. शिक्षकाला विचारायच्या प्रश्नांची यादी करायला आम्ही येत्या रविवारी बसणार आहोत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षिका,
मुलुंड (पूर्व), मुंबई